पाडव्याची गाडी, दसऱ्याच्या साखळ्या

बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांना ज्या साखळ्या बांधतात, त्यांची आमच्या घरी दसऱ्याला पूजा व्हायची. इंग्लंडमध्ये बहुतेकांनी असल्या साखळ्या कधी हातातही घेतलेल्या नसतात. बर्फ पडला की लोक ऑफिसला फोन करतात, केटल लावतात आणि खिडकीत बसून राहतात. आम्हीही बर्मिंगहॅममध्ये तेच करायचो. पण आईला डर्बीशायरच्या डोंगरात डिस्ट्रिक्ट नर्सची नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. डिस्ट्रिक्ट नर्स म्हणजे घरोघरी जाणारी नर्स. पेशंट हॉस्पिटलात येऊ शकत नाही, म्हणून ती त्याच्याकडे जाते. स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या जोखमीवर. पहिल्याच हिवाळ्यात आईची गाडी एका उतारावर आडवी होऊन दगडी कुंपणाला टेकली. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण बाबांनी त्याच आठवड्यात साखळ्यांचा जोड मागवला.

बाबा इंजिनिअर. नोकरी बर्मिंगहॅमलाच राहिली, म्हणून आठवडाभर तिथे भाड्याच्या खोलीत आणि शुक्रवारी घरी. दसऱ्याला मात्र ते रजा काढतात. दिवाणखान्यात पाटावर त्यांचे पाने-पक्कड, आईची कामाची बॅग, माझा लॅपटॉप मांडून हळद-कुंकू वाहतात, बाहेर गाडीला झेंडूची माळ घालतात. त्या वर्षापासून पाटावर साखळ्याही आल्या. आपट्याची पानं इथे कुठून मिळणार? आम्ही दारासमोरच्या झाडाची पिवळी पानं सोनं म्हणून एकमेकांना देतो.

माझा या सगळ्याला विरोध. मी जन्मले इंग्लंडात, पण मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवर. मामा दर दिवाळीला चकल्यांचं पार्सल पाठवायचा आणि डब्याभोवती त्याच्या चळवळीतली पत्रकं गुंडाळलेली असायची: अंगात येण्याविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, धरणग्रस्तांच्या बाजूने. तेलाचे डाग पडलेले ते कागद आई सरळ करून माझ्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, "वाच मोठ्याने." बाकीची मुलं कमळ आणि गवत वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. इकडे आईच्या नर्सेस युनियनची पत्रकं आमच्याच जेवणाच्या टेबलावर घडी घातली जायची. त्यामुळे वाक्याच्या शेवटी मागणी आली नाही तर मला अजूनही ते वाक्य अपुरं वाटतं.

तर मी बाबांकडे मागणी केली. म्हटलं, लोखंडाला कुंकू लावून गाडी थांबत नाही. पूजा करायचीच असेल तर साखळ्या त्याच दिवशी चाकांना बसवून दाखवायच्या. बाबांना वाटलं, मी विरोध सोडला. मला वाटलं, मी जिंकले. दोघंही खूश. आणि मग आमच्याकडे दसऱ्याचा एक नवाच कार्यक्रम सुरू झाला. ऑक्टोबरच्या रिपरिप पावसात, बर्फाचा पत्ता नसताना, मी घरापुढच्या ड्राइव्हवर, म्हणजे गाडी लावायच्या जागेत, गुडघे टेकून साखळी बसवायची आणि बाबांनी डोक्यावर छत्री धरून सूचना द्यायच्या. समोर राहणाऱ्या बाई, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, पहिल्या वर्षी खिडकीतून बघत होत्या. दुसऱ्या वर्षी चहाचा मग घेऊन फाटकापाशी आल्या. पुढे तर घडीची खुर्ची घेऊन यायला लागल्या. आम्ही त्यांना श्रीखंड-पुरी द्यायचो. त्यांची अशी पक्की समजूत झाली होती की दसरा हा हिंदूंचा टायरांचा सण आहे.

साखळी बसवण्यात अवघड काही नाही, फक्त हाताला सवय हवी. जी चाकं इंजिन फिरवतं त्यांनाच बसवायची. आमच्या छोट्या गाडीची पुढची दोन. आतली लवचीक रिंग चाकामागून सरकवून वर आणायची, तिची टोकं एकमेकांत अडकवायची, मग समोरचा हूक लावायचा, लाल साखळी ओढून ताणायची. थोडं पुढे जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायची, कारण चाक फिरलं की ती सैल पडते. चालवायचं हळू. आणि रस्ता काळा दिसायला लागला की लगेच काढायची, कारण नुसत्या डांबरावर साखळी रस्ता खाते, टायर खाते आणि पोलीस तुम्हाला.

मागच्या दसऱ्यालाही मी ती बसवली. छान बसली. सगळे श्रीखंड जेवले. मग दिवाळीच्या पाडव्याला बाबांनी गाडी बदलली. नवीन वस्तू घ्यायची तर पाडव्यालाच, याबाबतीत ते ऐकत नाहीत. जरा मोठी, सेकंडहँड, पण आमच्यासाठी नवीच. चारही चाकांखाली लिंबं ठेवून ती पुढे घेतली. मी म्हटलं, "सरबत तरी केलं असतं." जुनी छोटी गाडी समोरच्या बाईंनी घेतली. त्यांना दुकानापर्यंत आणि चर्चपर्यंत जायला तेवढी पुरे होती.

जानेवारीत मी घरी आले होते. मी बर्मिंगहॅममध्ये भाडेकरूंच्या एका संघटनेत काम करते आणि लिहिते. त्या आठवड्यात आईच्या युनियन शाखेसाठी एक पत्रक लिहून दिलं होतं. मागणी सरळ होती: बर्फात नर्सला पाठवायचं तर गाडी द्या, हिवाळी टायर द्या, चालक द्या, तिच्या स्वतःच्या गाडीवर आणि तिच्या भिडस्तपणावर तुमची सेवा चालवू नका. यातला शब्दही मी आज मागे घेणार नाही. पत्रकं छापून आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सरकवला तर बाहेर कुंपण कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

आई युनिफॉर्म घालून, बूट हातात घेऊन स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. फोन ठेवून तिने मला सांगितलं ते इतकंच: वर डोंगरात एका शेतावर एक म्हातारे गृहस्थ आहेत, मेंढ्या पाळणारे. शेवटचे दिवस आहेत आणि ते त्यांना स्वतःच्या खोलीत काढायचे आहेत. दुखणं फार आहे, म्हणून त्वचेखालून थेंबथेंब औषध देणारा एक छोटा बॅटरीवरचा पंप लावलाय. तो रोज भरावा लागतो. औषध घरातच कुलपात आहे, पण भरायला नर्स लागते. आजचं दुपारी बाराच्या सुमारास संपेल. पेशंटचं नाव ती आम्हाला कधीच सांगत नाही. तेव्हाही सांगितलं नाही.

"ऑफिस काय म्हणतंय?" मी विचारलं.

"फोर बाय फोर मागवलीय. पण ती आधी डायलिसिसच्या लोकांना आणतेय. आमचा नंबर संध्याकाळी, बहुतेक. मॅनेजर मला म्हणाल्या, युज युअर जजमेंट."

"म्हणजे काही झालं तर तुझी चूक! आई, लिसन, तू जाणार नाहीयेस. तूच मला सांगितलंस ना, सेफ्टीवर कॉम्प्रोमाइज नाही म्हणून?"

"सांगितलं. परत सांगेन."

"मग?"

"मग काय? तुझं पत्रक बरोबर आहे, माझी राणी. पण तो पंप काही इंग्लिश वाचत नाही." तिने बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. "चूक कोणाची ते संध्याकाळी मीटिंगमध्ये ठरवू. मीच पहिली बोलेन. पण बारानंतर त्यांना दुखायला लागेल आणि संध्याकाळपर्यंत दुखतच राहील. चल, साखळ्या काढ."

 मी रागावले होते, पण आईवर नव्हे. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, बर्फ वितळवायला मीठ टाकणारा ट्रक बसच्या रस्त्यावर फिरतो, म्हणून आमची गल्ली आणि खालचा मोठा रस्ता मोकळा होतो. शेताकडे जाणारा फाटा त्याच्या यादीत नाही. नकाशावर जो रस्ता बारीक रेघेने काढतात, त्याच्या टोकाला राहणाऱ्या माणसाचं दुखणं काही बारीक नसतं.

साखळ्या फाट्यावरच बसवायच्या होत्या, पण दसऱ्यानंतर हात लागला नव्हता, म्हणून म्हटलं एकदा दारातच करून बघावं. ड्राइव्हवर घोट्याइतका बर्फ होता. गुडघे टेकले, रिंग मागून सरकवली, टोकं वर आणली. ती जुळेनात. हातभर अंतर राहिलं. पुन्हा पसरली, पुन्हा ओढली. तेवढंच अंतर. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, साखळी पुरत नाहीये."

"असं कसं? दसऱ्याला तर मस्त बसली होती. आतली रिंग पिळली असेल बघ."

"बाबा, दसऱ्याला गाडी कोणती होती?"

पडद्यावर बाबांचा चेहरा हलेना. मला आधी वाटलं नेटवर्क गेलं.

"अरे देवा," ते म्हणाले.

"पाडव्याला टायरचा साइज बघितला होता का?"

"अगं, सगळं बघितलं होतं. इंजिन, बॅटरी, सर्व्हिस हिस्टरी..."

"आणि लिंबं."

"आईला सांगू नकोस हं."

"ती इथेच उभी आहे."

आईने वाकून फोनमध्ये तोंड घातलं. "अहो, साडेतीन मुहूर्तांतला पाडवा तो अर्धा ना? म्हणून साखळीही अर्धीच पुरतेय."

बाबांना हसावं की माफी मागावी कळेना. त्यांनी दोन्ही करून बघितलं. मला मात्र घड्याळ दिसत होतं. साडेनऊ वाजून गेले होते. चालत जायचं तर वरपर्यंत दोन तासांहून जास्त चढ, गुडघाभर बर्फातून, पन्नाशी उलटलेल्या बाईने. आई बॅग खांद्याला लावून बघायला लागली होती, म्हणजे तिच्या डोक्यात तेच चाललं होतं.

"काय गं, आज कुठला सण?" समोरच्या बाई रस्ता ओलांडून आल्या होत्या, हातात फावडं, डोक्यावर लोकरीची टोपी. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी साखळीकडे बघितलं, मग आमच्या नव्या गाडीच्या जाड टायरकडे आणि मग मागे वळून स्वतःच्या दारातल्या छोट्या गाडीकडे.

"त्या माझ्या गाडीच्या आहेत," त्या म्हणाल्या.

बरोबरच होतं. पूजा त्याच गाडीबरोबर झाली होती. आई म्हणाली, "चावी द्या, मी नेते," तर बाईंनी मान हलवली. इथे इन्शुरन्स चालवणाऱ्याच्या नावाने काढतात आणि त्या गाडीचा फक्त त्यांच्या नावावर होता. आईने चालवली तर कायदा मोडला असता आणि आमच्या घरात कायदा एक तर पाळतात किंवा बदलायला लावतात.

"मी चालवते," बाई म्हणाल्या. "बर्फ कसा पडतो हे मी आयुष्यभर फळ्यावर काढून शिकवलं. त्यात गाडी घालायची वेळ कधी आली नाही. पण ही माझ्या शेजारी बसून सांगेल ना?"

"माझा तुम्हाला आग्रह नाही," आई म्हणाली. ती फार गंभीर झाली होती. "तुम्हाला जबरदस्ती वाटायला नको."

"तुमच्या आग्रहाखातर मी कधी श्रीखंड सोडून काही केलंय का? बसा मागे."

खालचा मोठा रस्ता काळाभोर आणि ओला होता. मागून आई म्हणाली, "आता तुझं पत्रक मोडलं असं तुला म्हणता येणार नाही. गाडी माझी नाही, चालक वेगळा. दोन मागण्या मान्य."

"हिवाळी टायर राहिलेत," मी म्हटलं.

"साखळ्या आहेत ना, अंशतः मान्य समज." बाईंना मराठी कळत नाही, पण आम्ही हसतोय म्हटल्यावर त्याही हसल्या.

फाट्यापाशी गाडी बाजूला घेतली. तिथून पुढे पांढरं सोडून दुसरा रंग नव्हता. मी हातमोजे काढले, कारण हूक बोटांना कळावा लागतो. पहिली साखळी पसरली आणि बर्फावर लाल ठिपके पडले. क्षणभर वाटलं, हात कापला. मग बघितलं तर कड्यांमधलं सुकलेलं कुंकू ओलं होऊन उतरत होतं. एका हुकात झेंडूची वाळकी पाकळी अडकली होती. मी ती नखाने काढली. रिंग मागून वर आणली आणि टोकं एकमेकांत अशी गेली जणू ती गाडी तिचीच वाट बघत होती. दुसऱ्या चाकाला जरा जास्त वेळ लागला. बोटं तोवर लाकडासारखी झाली होती. आईने माझे हात तिच्या काखेत धरून गरम केले, लहानपणी करायची तसे, आणि वर "नीट ताणलीस ना?" हेही विचारून घेतलं.

थोडं पुढे जाऊन थांबलो. दोन्ही साखळ्या पुन्हा ताणल्या. मग चढ सुरू झाला. साखळ्यांचा आवाज फार मोठा होतो. लग्नघरात मागच्या दारी मोठी पातेली घासत असावेत तसा. बाई स्टिअरिंगला घट्ट धरून पुढे वाकल्या होत्या. "ब्रेक नको, पाय हळू उचला," मी सांगत होते, "थांबू नका, याच वेगाने." एका वळणावर गाडीचा मागचा भाग आमचं न ऐकता थोडा बाहेर निघाला आणि बाईंनी असा एक शब्द उच्चारला, जो त्यांच्या वर्गात कोणी उच्चारला असता तर आई-वडिलांना बोलावणं गेलं असतं. पण पुढच्या चाकांनी बर्फ धरला. गाडी सरळ झाली. त्यानंतर बाईंच्या खांद्यांतला ताण उतरला. शेवटच्या चढावर तर त्या गुणगुणायला लागल्या.

शेताच्या फाटकाशी त्या गृहस्थांच्या पत्नी उभ्या होत्या. नवऱ्याचा जुना कोट अंगावर, हातात फावडं. फाटकापासून दारापर्यंत त्यांनी एक वाट काढून ठेवली होती, एका माणसापुरती. आईला बघून त्या बाजूला झाल्या. आई त्या वाटेने आत गेली, बूट काढले, हात धुतले आणि वर गेली. पंपात अजून थोडं औषध होतं. दुखणं परत आलं नव्हतं.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात थांबलो. वरून आईचा आवाज येत होता, तिचा कामातला आवाज, सावकाश आणि नेहमीपेक्षा जरा खालचा. मधेच एक पुरुषी, दमलेलं हसू ऐकू आलं. गृहस्थांच्या पत्नींनी केटल ठेवता ठेवता वर बघितलं. "मला ते हसू ऐकून तीन-चार दिवस झाले," त्या म्हणाल्या. नंतर आईने मला सांगितलं की त्या गृहस्थांनी विचारलं होतं, कुठली गाडी वर चढली एवढा गोंगाट करत, ट्रॅक्टर का? आणि आईने गाडीचं नाव सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

आई खाली आली. "झोपलेत," ती म्हणाली. आम्ही चहा घेतला. चुलीजवळ एक कुत्रा पसरला होता, त्याने माझे ओले मोजे हुंगून नापसंत केले. मी त्या टेबलाशी बसून भांडणाची वाक्यं जुळवत होते. शाखेच्या मीटिंगमध्ये काय बोलायचं, कौन्सिलला काय लिहायचं. राग गेला नव्हता आणि जाऊही नये. पण त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की दुसरा कप मागून घेतला.

मग गृहस्थांच्या पत्नींनी विचारलं, "उद्या?"

तो प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. पंप रोज भरावा लागतो. बर्फ आणखी दोन दिवस राहणार होता. ती फोर बाय फोर उद्या मिळेल की नाही, कोणालाच माहीत नव्हतं आणि मला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बर्मिंगहॅमला परतायचं होतं. एका कुटुंबाची घरमालकाविरुद्धची सुनावणी होती, ती टाळता येण्यासारखी नव्हती.

"उद्या मी येईन," आई म्हणाली.

"आम्ही येऊ," समोरच्या बाई म्हणाल्या आणि बिस्किट चहात बुडवलं.

आम्ही तसेच सावकाश उतरलो. खाली फाट्यावर आलो, पुढे काळा रस्ता दिसत होता. साखळ्या काढायला मी दार उघडलं तेवढ्यात आई मागून उतरली.

"थांब. मला दाखव."

"आई, मी करते ना, दोन मिनिटांत."

"तू उद्या नाहीयेस."

इतक्या दसऱ्यांना ती आत पुऱ्या तळत असायची. साखळीला तिने कधी हात लावला नव्हता. तिने हातमोजे काढून खिशात घातले, गुडघ्याखाली बॅग ठेवण्याची प्लास्टिकची चटई पसरली, तीच जी पेशंटच्या घरी जमिनीवर पसरते, आणि चाकासमोर बसली. बाईही उतरून तिच्या शेजारी वाकून उभ्या राहिल्या. मी सांगितलं: आधी लाल साखळी सोडायची, मग हूक, मग रिंगची टोकं. आई प्रत्येक कडी बोटांनी चाचपून बघत होती. हूक दोनदा निसटला. माझे हात पुढे होत होते, ते मी कोटाच्या खिशात कोंबून धरले. तिसऱ्यांदा हूक सुटला आणि साखळी चाकावरून घसरून बर्फावर पडली.

आईने ती उचलून झटकली आणि पुन्हा चाकाजवळ नेली.

"काढायला आलं," ती म्हणाली. "आता बसवायची कशी ते सांग. पहिल्यापासून."